गाणं संपेपर्यंत

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला ‘आता बंद करायचंय’ असं सांगायला बंदी आहे. पाच मजल्यांचं दुकान, दोनशेच्या वर माणसं कामाला, पण एकालाही हे वाक्य तोंडाने म्हणायची परवानगी नाही. त्याऐवजी संध्याकाळी आठ चाळीसला एक गाणं लागतं. चार मिनिटं बारा सेकंदांचं. तेवढ्यात गिऱ्हाईक हसतमुखाने जिन्यापाशी पोचलं पाहिजे, टेबलं पांढऱ्या चादरींखाली गेली पाहिजेत आणि आपण आपल्या जागेवर उभं राहिलं पाहिजे. गाणं संपल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा नियम आहे.

गाणं तुम्हीही ऐकलेलं असणार. एक माणूस कुणाची तरी वाट बघत उभा आहे आणि ती परत येईपर्यंत इथून हलणार नाही म्हणतो, एवढंच त्यात आहे. तिचं नाव नाही, गाव नाही, भांडण कशावरून झालं तेही नाही. दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात, गायक श्वास घेतो, तो श्वास ऐकू येतो, आणि मग शेवटचं धृपद सुरू होतं. त्या श्वासाला भलीभली माणसं हातातल्या पिशव्यांसकट थबकलेली मी पाहिली आहेत. गाणं निघालं तेव्हा ज्यांच्या आईबापांची ओळखही झाली नव्हती अशी पोरं ओठ हलवत जिना उतरतात. मधूनमधून कोणीतरी नवा गायक ते पुन्हा म्हणतो, त्याला जास्तीचे ढोल लावतो आणि सहा महिन्यांत विसरला जातो. जुनं आपलं जागच्या जागी. मला विचाराल तर त्यातला माणूस हलत नाही, हेच त्याचं भांडवल आहे. आम्हीही हललो नाही, पण आमच्यावर कोणी गाणं लिहिलं नाही.

मी चौथ्या मजल्यावर बटणं, लेस आणि धागे विकते. माझ्या शेजारी पडद्यांच्या कापडाचं टेबल आहे. टेबलाच्या कडेला पितळेची मीटरपट्टी ठोकलेली आहे आणि त्या पट्टीमागे तीस वर्षं एकच बाई उभी आहे. तिला सगळे मीटरताई म्हणतात. मला ती बटण म्हणते. कापडाची गुंडाळी एकदा हाताने ओढली की तिला पट्टीकडे बघावं लागत नाही. कात्री बरोबर जिथे लागायची तिथेच लागते. चौथ्या मजल्याला खिडकी नाही. पडद्यांचा विभाग आणि खिडकी नाही, या गोष्टीवर आम्ही पहिली काही वर्षं पोट धरून हसलो. मग ते हसूही जुनं झालं.

हे गाणं दुकानात आलं ते तिच्यापायी. पूर्वी बंद करायच्या वेळी कर्कश घंटा वाजायची. तळमजल्यावर रेकॉर्डचं काउंटर होतं आणि सगळ्या मजल्यांवरच्या भोंग्यांची बटणं त्या काउंटरमागे होती. तिथला विक्रेता म्हणजे एक लाजराबुजरा, लांबलचक माणूस. त्याने मीटरताईला रोज सकाळी जिना चढताना पाहिलं होतं आणि बोलायची छाती होत नव्हती. एके दिवशी घंटा बिघडली. व्यवस्थापक म्हणाले, काहीतरी वाजव पण लोकांना बाहेर काढ. त्याने त्याच आठवड्यात आलेलं हे गाणं लावलं, वर तिच्या कानी पडावं म्हणून. वर मीटरताई एका बाईंचं कापड कापत होती. त्या श्वासापाशी तिचा हात थांबला आणि मग कात्री वाकडी गेली. आयुष्यात तिने वाकडं कापलेलं ते एकच कापड.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती खाली गेली, गाणं कुठलं ते विचारायला. तो नेहमीप्रमाणे मान जराशी लववून म्हणाला, “या. काय दाखवू?” आणि या बाईसाहेबांची दातखीळ बसली. म्हणाली, “काही नको. नुसतं बघतेय.” आता हे वाक्य आम्हा विक्रेत्यांच्या डोक्यात जातं हे तिला काय माहीत नव्हतं? दिवसाकाठी पन्नास वेळा ऐकतो आम्ही ते. पण त्याने तिला बघू दिलं. पाऊण तास ती रेकॉर्डची पाकिटं उलटीसुलटी करत राहिली आणि डबा न खाताच वर आली.

घंटा पुन्हा दुरुस्त झालीच नाही. व्यवस्थापकांना दिसलं की गाण्यावर माणसं कुरकुर न करता उतरतात, उलट हसत उतरतात. मग गाण्याचा नियम झाला. पहिलं कडवं संपेपर्यंत कात्र्या खणात. दुसऱ्या कडव्यात चादरी. श्वासाला अर्धे दिवे बंद. शेवटच्या धृपदाला गिऱ्हाइकाच्या पुढ्यात यायचं, मान लववायची, हात जिन्याकडे करायचा आणि म्हणायचं, “पुन्हा या.” चौदा महिन्यांनी दोघांचं लग्न झालं. तेव्हा ती दोघं दुकानाला हसायची. दोनशे माणसं रोज आपलं गाणं ऐकतात आणि कोणाला पत्ता नाही, असं तिला वाटायचं. चादर टाकताना ती गुणगुणायची आणि मी चिडवलं की लाजायची.

मग रेकॉर्ड गेल्या, कॅसेटी आल्या, त्या गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, त्याही गेल्या. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या भावोजींचं, काउंटर फोनच्या कव्हरांना दिलं आणि त्यांना तळघरातल्या गोदामात पाठवलं. गाणं मात्र राहिलं. ते आता मुख्य कचेरीतल्या संगणकावरून आपोआप लागतं, बटण दाबायला माणूस लागत नाही. मीटरताईच्या थोरल्या बहिणीचं दुसऱ्या गावी शिवणकामाचं दुकान होतं. तिने दोघांना बोलावलं होतं, राहायला वर दोन खोल्या, खिडक्यांच्या. भावोजी म्हणाले, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षीही हेच म्हणाले. नंतर तिने विचारणं सोडून दिलं आणि बहिणीने बोलावणं. मूलबाळ झालं नाही. मीटरताईचं गुणगुणणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही, मीही शेजारी उभी राहून चादरीच टाकत होते. मी एकदा हिशोब केला होता, जवळपास नऊ हजार वेळा तिने ते गाणं ऐकलं असेल. तिला सांगितलं तर म्हणाली, “आणि नऊ हजार वेळा लोकांना घालवलं.”

गेल्या वर्षी भावोजी पडले. आठ चाळीसनंतर, गोदामात. गाणं सुरू होतं. मांडणीला धरून ते हळूहळू खाली बसले. पलीकडच्या रांगेतल्या माणसाला दिसलं होतं. तो नंतर माझ्यापाशी येऊन रडला. म्हणाला, “दिसले मला, पण गाणं चालू होतं. मला वाटलं, चादर उचलायला वाकलेत. संपलं की बघू म्हटलं.” त्या वेळी चौथ्या मजल्यावर त्यांची बायको मान लववून कुणाला तरी ‘पुन्हा या’ म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्यात मिनिटामिनिटाला किंमत असते. आधी आणलं असतं तर काय झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही, असंही म्हणाले. पण हे दुसरं वाक्य तिने ऐकलंच नाही. ती चार मिनिटं तिच्या मानगुटीवर बसली ती बसलीच.

चालणं परत आलं, काठीने का होईना. उजवा हात लुळा राहिला. आणि वाचा गेली. समजायचं सगळं, डोळे बोलायचे, पण तोंडातून ‘त, त’ असा एक आवाज, त्यापुढे काही नाही. मीटरताईला एकच गोष्ट हवी होती. त्यांनी तिच्याशी बोलावं. काहीही बोलावं, भांडावं, चहा पांचट झाला म्हणावं. नोकरी सोडून घरी बसायचा प्रश्नच नव्हता, घर आता तिच्या एकटीवर चालत होतं. सकाळी शेजारच्या आजी येऊन बसायच्या, ही दिवसभर बिनखिडकीच्या मजल्यावर, आणि परत गेल्यावर ‘त, त’. एकदा कापड मोजता मोजता मला म्हणाली, “बटण, मला दोन्हीकडून कोंडलंय गं.” मी धाग्याची रिळं रंगाप्रमाणे लावत बसले.

सरकारी दवाखान्यातून आठवड्यातून एकदा बोलायला शिकवणारी एक स्पीचवाली मुलगी यायची. पोरगी गुणी, पण आशावादी. आशावादी माणसांचा मला जरा रागच येतो. तिने सांगितलं की बोलणं पहिल्या वर्षातच जास्त करून परत येतं, नंतर फार कठीण जातं. आणि असंही सांगितलं, की बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची वाट कधीकधी उघडी असते. जन्मभर तोंडात बसलेलं एखादं गाणं लावलं तर शब्द त्याच्या मागून येतात.

“काकांना कुठलं गाणं तोंडपाठ आहे?” तिने विचारलं.

मीटरताईने चार गाणी सांगितली. सगळी दुसरीच. तीन महिने ती चार गाणी वाजली. भावोजी शहाण्या विद्यार्थ्यासारखे बसून ऐकायचे आणि शेवटी ‘त, त’ म्हणायचे. अकरावा महिना लागला.

त्या मंगळवारी आम्हा दोघींची सुट्टी होती आणि मी दुपारी त्यांच्याकडे गेले होते. पोरगी तिची वही उघडून बसली होती, चेहरा पडलेला. मी सहज म्हणून गेले, “अगं, पण ते गाणं लावून बघितलं का?” मीटरताईने माझ्याकडे असं बघितलं की जीभ चावली मी. पण पोरगी लगेच वळली. “कुठलं गाणं?”

“नाही,” मीटरताई म्हणाली. “ते नाही.”

“काकू, काकांना ते येतं का?”

“ते गाणं माझ्या घरात वाजणार नाही. दिवसभर राबून वर ते ऐकते तेवढं पुरे. ते चालू होतं म्हणून कोणी हललं नाही, माहितीये तुला? हे खाली पडलेले, आणि कोणी हललं नाही.” एवढं मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. भावोजी तिच्याकडे बघत होते. मग तिनेही त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडातून ‘त, त’ आलं. तिने हातातला कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “लाव.”

पोरीने फोनवर गाणं लावलं.

पहिल्या सुरालाच भावोजींची पाठ ताठ झाली. ते काठी न घेता उठले. पोरगी खुणेने म्हणाली, थांबवू नका. त्यांनी खाटेवरची चादर डाव्या हाताने ओढून काढली आणि टेबलावर टाकली, आमच्या चहाच्या कपांसकट. कोपरे नीट आत खोचले, एका हाताने, दुकानात खोचतात तसेच. टीव्हीवर टॉवेल टाकला. पोरीला वाटलं ते नाचताहेत की काय. आम्हाला माहीत होतं. आणि माझं ध्यान माझ्या हातांकडे गेलं तर मी चमचे गोळा करून खणात ठेवत होते. मीटरताई खिडकीचे पडदे ओढत होती. तिचं तिलाही कळत नव्हतं. दुसरं कडवं संपलं, वाद्यं थांबली, गायकाने श्वास घेतला आणि भावोजींनी दिवा घालवला. भर दुपारी, पडदे ओढलेल्या खोलीत, आम्ही तिघांनी दुकान बंद केलं होतं. मला हसूही येत होतं आणि कसंतरीही होत होतं.

शेवटच्या धृपदाला ते बायकोसमोर येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर ते दुकानातलं हसू आलं, तीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. मान लववली, डावा हात दाराकडे केला.

“पुन्हा या,” ते म्हणाले.

स्वच्छ. एक अक्षर अडखळलं नाही. पोरगी टाळ्या वाजवत उठली, तिच्या डोळ्यांत पाणी. “शब्द आला! काकू, शब्द आला!” मीटरताई हलली नाही. अकरा महिन्यांनी नवरा बोलला आणि त्याने तिला गिऱ्हाइकासारखं वाटेला लावलं. ते तसेच हात पुढे करून उभे होते, शहाण्यासारखे, गिऱ्हाईक निघायची वाट बघत. शेवटी ती चपला न घालताच दार उघडून बाहेर गेली. गाणं संपलं तसा त्यांचा हात खाली आला आणि पुन्हा ‘त, त’ सुरू झालं. ते खोलीभर तिला शोधत होते.

मी बाहेर गेले तर ती जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. मी म्हटलं, “पुरे झालं. चुकलंच माझं. पुन्हा नको लावूस.” तिने डोळे पुसले. म्हणाली, “शब्द आला ना? मग लावणार.”

पोरीने सांगितलं होतं, रोज एकदा, ठरावीक वेळी, आणि आलेल्या शब्दाला उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं नाही तर शब्द परत जातो. संध्याकाळी ही दुकानात, म्हणून सकाळी कामाला निघायच्या आधीची वेळ ठरली. तेव्हापासून मी रोज तिला घ्यायला जाते. दारापाशी पोचते तेव्हा आत दुसरं कडवं चालू असतं. थोड्या वेळाने दार उघडतं, आतून ‘पुन्हा या’ ऐकू येतं आणि मीटरताई खांद्याला डब्याची पिशवी अडकवून बाहेर येते. दार बंद होतं. आम्ही दोघी चपलांच्या मांडणीपाशी उभ्या राहून उरलेलं धृपद ऐकतो. मग ती घंटी वाजवते. गिऱ्हाईक परत आलं, हेच तिचं उत्तर होतं. पहिले काही दिवस ते दार उघडायचे आणि नुसते बघत राहायचे. ती म्हणायची, “आले बरं का,” शेजारच्या आजींना हाक मारायची आणि आम्ही निघायचो. सकाळी तिला नवरा गाण्यावर बाहेर काढायचा आणि संध्याकाळी त्याच गाण्यावर ती इतरांना बाहेर काढायची. मी एकदा म्हटलं, “वेड लागेल तुला.” म्हणाली, “लागलं तर कळवते.”

बारावा महिना संपत आला. पोरगीही जरा गप्प झाली होती. ‘पुन्हा या’च्या पुढे काही येत नव्हतं. तिने वहीत काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही, तेव्हाच मी समजले. त्या दिवशी मीटरताईने एका गिऱ्हाइकाचं कापड दोनदा मोजलं, पट्टीकडे बघून.

आणि मग एका गुरुवारी नेहमीसारखं झालं. ‘पुन्हा या’, दार बंद, आम्ही दोघी मांडणीपाशी. आतलं धृपद संपलं. तिने घंटी वाजवली. आत काठीचा आवाज आला, कडी निघाली. भावोजी दारात उभे राहिले. आमच्याकडे, म्हणजे तिच्याकडे, बराच वेळ बघत राहिले. ओठ हलले, थांबले. मी मनात म्हटलं, आता ‘त, त’. गाणं तर संपलं होतं, मदतीला काहीच नव्हतं.

त्यांनी श्वास घेतला. मग मान जराशी लववून म्हणाले,

“या. काय... दाखवू?”

मीटरताईच्या खांद्यावरची पिशवी घसरली ती तिने सावरली नाही. तिचा डबा माझ्या पायाशी येऊन पडला. मला वाटलं, ती आता रडेल, किंवा माझ्या गळ्यात पडेल. पण ती उंबऱ्यापाशी उभी राहिली, एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीसारखी लाल झाली, आणि खाली बघून म्हणाली, “काही नको. नुसतं बघतेय.”

ते बाजूला झाले आणि त्यांनी तिला आत घेतलं. मी बाहेरच थांबले. डबा उचलून पुसला, जिन्याच्या पायरीवर बसले आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं.

त्या दिवशी आम्ही दोघी पाऊण तास उशिरा पोचलो. तीस वर्षांत तिला पहिल्यांदाच उशीर झाला होता. हजेरीवाल्याने चष्म्यावरून पाहिलं आणि कारण विचारलं. मी काहीतरी थाप मारणार तोच मीटरताई बोलली.

“घरी गाणं चालू होतं,” ती म्हणाली. “संपल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा नियम आहे ना तुमचा?”